परत आलेल्या प्रवाशाचा वेग



मागच्या व्याख्यानात आपण फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँ यांच्या काळाविषयीच्या कल्पनेबद्दल बोललो. व्याख्यान संपल्यावर टेबलावर ज्या चिठ्ठ्या आल्या, त्यांतली एक आम्ही खिशात घालून घरी नेली. तीत लिहिलं होतं : ‘वेगाने जाणाऱ्या प्रवाशाचं घड्याळ मागे पडतं असं तुम्ही म्हणालात. मग हे उलटं करता येईल का? प्रवासी परत आला, त्याचं घड्याळ किती मागे पडलं ते कळलं, तर तो किती वेगाने गेला होता हे सांगता येईल का?’ खाली नाव नव्हतं. आजचं सगळं व्याख्यान म्हणजे त्या चिठ्ठीला उत्तर आहे असं समजा.

थोडक्यात उत्तर असं, की हो, सांगता येतं. त्याचं गणित नववी-दहावीतल्या पायथागोरसच्या पलीकडे जात नाही. पण त्या गणितातून निघालेल्या आकड्यावर विश्वास कधी ठेवायचा, हा प्रश्न गणितापेक्षा अवघड आहे. त्या प्रश्नात आम्ही स्वतः बरीच वर्षं चुकलो होतो. तेही आज सांगायचं आहे.

तत्त्वज्ञांच्या सभेतला तोफगोळा

ही गोष्ट सुरू होते ती तत्त्वज्ञांच्या सभेत. १९११ च्या एप्रिल महिन्यात इटलीतल्या बोलोन्या शहरात तत्त्वज्ञानाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. आइन्स्टाइन यांचा विशिष्ट सापेक्षतेचा लेख १९०५ चा. म्हणजे तो प्रसिद्ध होऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती. पॉल लांजव्हँ हे फ्रेंच पदार्थवैज्ञानिक त्या परिषदेत बोलायला उभे राहिले. विषय होता अवकाश आणि काळ यांच्या कल्पनांत झालेला बदल. समोर बहुतेक सगळे तत्त्वज्ञ. त्यांना समजेल असं एक उदाहरण लांजव्हँ यांनी घेतलं.

ज्यूल व्हर्नच्या कादंबरीत असतो तसा एक तोफगोळा आहे, आणि त्याच्या पोटात एक प्रवासी बसलेला आहे. गोळ्याचा वेग प्रकाशाच्या वेगापेक्षा किंचित कमी, अवघ्या वीस हजाराव्या भागाने कमी. प्रवासी आपल्या घड्याळाने एक वर्ष दूर जातो, मग एखाद्या ताऱ्याला वळसा घालून तेवढ्याच वेगाने परत फिरतो, आणि आणखी एक वर्षाने पृथ्वीवर उतरतो. तो दोन वर्षांनी मोठा झालेला असतो. पृथ्वी मात्र दोनशे वर्षांनी म्हातारी झालेली असते.

आज आपण ‘जुळ्या भावांची गोष्ट’ म्हणून जी ऐकतो तिचं हे मूळ रूप. लांजव्हँ यांच्या व्याख्यानात जुळे भाऊ नव्हते, ते गोष्टीत पुढे आले. आपला मुद्दा एवढाच, की लांजव्हँ यांनी वेग आधी सांगितला आणि वर्षं नंतर. आपल्या चिठ्ठीवाल्याला हवा आहे उलटा प्रवास. त्याच्याकडे २ आणि २०० एवढे दोनच आकडे आहेत. त्यांतून तो ‘वीस हजारावा भाग’ परत काढता आला पाहिजे. येतो का ते बघू.

एक घड्याळ, एक त्रिकोण

आपण अगदी साधं घड्याळ कल्पू. एक आरसा खाली, एक वर, आणि मधे प्रकाशाची एक तिरीप खालून वर, वरून खाली अशा येरझारा घालते आहे. तिरीप खालून वर पोचली की एक टिक. हे घड्याळ प्रवाशाने आपल्याबरोबर गाडीत ठेवलं आहे. गाडी आपल्यासमोरून डावीकडून उजवीकडे चालली आहे.

गाडीत बसलेल्याला तिरीप सरळ उभी वर जाताना दिसते. फलाटावर उभ्या असलेल्या आपल्याला काय दिसेल? तिरीप वर पोचेपर्यंत वरचा आरसा थोडा पुढे सरकलेला असेल. म्हणून आपल्या दृष्टीने तिरपीचा मार्ग तिरका आहे, आणि तिरका मार्ग उभ्या मार्गापेक्षा लांब असतो.

इथे कुणी म्हणेल, यात विशेष काय? गाडीत चेंडू वर फेकला तरी फलाटावरून त्याचा मार्ग लांबच दिसतो. खरं आहे. पण चेंडूच्या बाबतीत फलाटावरच्या माणसाला चेंडूचा वेगही जास्त दिसतो, कारण गाडीचा वेग त्यात मिसळलेला असतो. मार्ग लांब, वेग जास्त, म्हणून वेळ तेवढाच. प्रकाशाला ही सवलत नाही. प्रकाशाचा वेग गाडीतून मोजा, फलाटावरून मोजा, तो तेवढाच येतो : सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटर. आइन्स्टाइन यांनी हे तत्त्व म्हणून पुढे मांडलं आणि त्याचे परिणाम न घाबरता काढले. मार्ग लांब, वेग तोच, म्हणजे वेळ जास्त लागला पाहिजे. गाडीतली एक टिक फलाटावरच्या घड्याळाने एका टिकेपेक्षा मोठी भरते. घड्याळ मागे पडतं ते असं. ग्रंथांतून याला ‘कालविस्तार’ म्हणतात. आपण ‘घड्याळ मागे पडणं’ असंच म्हणू.

आता त्रिकोण काढू. काटकोन त्रिकोण. उभी बाजू म्हणजे प्रवाशाला दिसलेला प्रकाशाचा मार्ग, तो प्रवाशाच्या काळाएवढा. तिरकी बाजू, म्हणजे कर्ण, हा आपल्याला दिसलेला प्रकाशाचा मार्ग, तो आपल्या म्हणजे घरच्या काळाएवढा. आणि पाया म्हणजे तेवढ्या वेळात गाडी जितकी पुढे गेली तितकं अंतर. गाडीचा वेग आपण प्रकाशवेगाचा अमुक हिस्सा असा लिहू. मग पाया म्हणजे घरचा काळ गुणिले तो हिस्सा. (आरशांमधली उंची दोघांनाही सारखीच दिसते, कारण गाडी त्या दिशेने जातच नाही.)

पायथागोरस सांगतो, कर्णाचा वर्ग म्हणजे दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज. दोन्हीकडे घरच्या काळाच्या वर्गाने भागलं की उरतं ते असं :

वेगाच्या हिश्शाचा वर्ग = १ − (प्रवाशाचा काळ ÷ घरचा काळ) चा वर्ग

चिठ्ठीतल्या प्रश्नाला लागणारं सगळं सूत्र एवढंच. कृती अशी : प्रवाशाच्या काळाला घरच्या काळाने भागा. आलेल्या संख्येचा वर्ग करा. तो १ मधून वजा करा. उरलेल्याचं वर्गमूळ काढा. प्रकाशवेगाचा किती हिस्सा वेग होता ते हातात येतं.

तीन, चार, पाच

सोपं उदाहरण घेऊ. प्रवासी परत आला. तो म्हणतो, माझी ८ वर्षं गेली. घरचे म्हणतात, आमची १०. भागाकार ०.८. वर्ग ०.६४. १ मधून वजा, ०.३६. वर्गमूळ ०.६. म्हणजे प्रवासी प्रकाशवेगाच्या सहा दशांश वेगाने, सेकंदाला सुमारे १ लाख ८० हजार किलोमीटर, गेला आणि आला. शाळेतला ३-४-५ चा त्रिकोणच हा. ४ हा प्रवासी, ५ हे घर, आणि ३ हा वेग.

आता लांजव्हँ यांचा प्रवासी. २ भागिले २००, म्हणजे ०.०१. वर्ग ०.०००१. वजा केल्यावर ०.९९९९. वर्गमूळ ०.९९९९५. प्रकाशवेगाला किती कमी पडला? ०.००००५, म्हणजे बरोबर वीस हजारावा भाग. लांजव्हँ यांचा आकडा परत मिळाला. किलोमीटरमध्ये सांगायचं तर हा गोळा प्रकाशाला सेकंदामागे फक्त १५ किलोमीटर कमी पडत होता.

इथे तीन ठिकाणी पाय घसरतो. ती तिन्ही ठिकाणं दाखवून ठेवतो.

पहिलं. काही जण फरक घेतात. ‘घड्याळ दोन वर्षं मागे पडलं, आता वेग सांगा.’ नुसत्या फरकावरून सांगता येत नाही. १० पैकी २ वर्षं मागे पडणं वेगळं आणि १०० पैकी २ वर्षं मागे पडणं वेगळं. गुणोत्तर हवं, फरक नव्हे.

दुसरं. जाणं-येणं असलं की काही जण सगळं निम्मं करायला जातात. गरज नाही. जाताना आणि येताना वेग सारखाच असेल तर दोन्ही टप्प्यांवर गुणोत्तर तेच राहतं. वेग मधूनमधून बदलला असेल तर मात्र सूत्रातून कुठल्याही एका टप्प्याचा वेग निघत नाही, सगळ्या प्रवासाचा एक गोळाबेरीज आकडा मिळतो. तेवढं लक्षात ठेवायचं.

तिसरं ठिकाण सगळ्यांत निसरडं. लांजव्हँ यांचा प्रवासी पृथ्वीच्या मापाने जवळजवळ १०० प्रकाशवर्षं दूर गेला. त्याच्या घड्याळाने त्याला एक वर्ष लागलं. मग कुणीतरी हुशारीने म्हणतो, ‘१०० प्रकाशवर्षं एका वर्षात! हा तर प्रकाशाच्या शंभरपट वेगाने गेला.’ यात चूक कुठे आहे? अंतर पृथ्वीच्या पट्टीने मोजलं आणि वेळ प्रवाशाच्या घड्याळाने. एका घरचं वजन आणि दुसऱ्या घरचा काटा. वेग काढायचा तर दोन्ही मापं एकाच घरची हवीत. पृथ्वीची दोन्ही घ्या : १०० वर्षांत जवळजवळ १०० प्रकाशवर्षं, वेग प्रकाशापेक्षा किंचित कमी. प्रवाशाची दोन्ही घ्या : त्याच्या दृष्टीने ते अंतरच आखडून जेमतेम एक प्रकाशवर्ष झालेलं असतं, आणि वेळ एक वर्ष. वेग पुन्हा तोच. वेगाबद्दल दोघांचं भांडण नाही, बरं का. भांडण आहे ते अंतर आणि काळ यांच्याबद्दल.

कोण गेलं, कोण राहिलं?

आता तत्त्वज्ञानाच्या माणसाला गप्प बसवत नाही असा आक्षेप. प्रवासी म्हणेल, ‘आम्ही कुठे गेलो? आम्ही होतो तिथेच होतो. पृथ्वीच दूर गेली आणि परत आली. मग पृथ्वीचं घड्याळ मागे पडायला हवं.’ गती सापेक्ष असेल तर हे म्हणणं उडवून लावता येत नाही.

उत्तर आहे, आणि ते आपल्या त्रिकोणातच आहे. तो त्रिकोण आपण एका फलाटावर उभं राहून काढला, आणि तो फलाट सगळा वेळ तोच होता. पृथ्वीवाल्याने फलाट बदलला नाही. प्रवाशाने बदलला. जाताना तो एका गाडीत होता, येताना उलट्या दिशेच्या गाडीत. ताऱ्याजवळ वळताना त्याला हिसका बसला, पृथ्वीवर चहा पीत बसलेल्यांना बसला नाही. नुसतं जात राहणं दोघांसाठी सारखं असतं, पण जाऊन परत येणं तसं नसतं. म्हणून सूत्रातला ‘घरचा काळ’ हा ज्याने गती बदलली नाही त्याचाच घ्यावा लागतो.

हे किती काटेकोर आहे ते १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये दिसलं. हाफेले आणि कीटिंग या दोघा अमेरिकनांनी सीझियमची चार अणुघड्याळं नेहमीच्या प्रवासी विमानांतून जगभर फिरवली, एकदा पूर्वेकडून आणि एकदा पश्चिमेकडून. पूर्वेकडे गेलेली घड्याळं जमिनीवरच्या घड्याळापेक्षा सुमारे ५९ नॅनोसेकंद मागे पडली. पश्चिमेकडे गेलेली सुमारे २७३ नॅनोसेकंद पुढे गेली. पुढे का? एक तर उंचावर गुरुत्वाकर्षण कमी, त्यामुळे घड्याळ जलद चालतं. दुसरं असं, की जमिनीवरचं घड्याळही घरी बसलेलं नव्हतं. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, तीही पूर्वेकडेच. पश्चिमेला जाणारं विमान त्या फिरण्याच्या उलट जातं, म्हणून प्रत्यक्षात तेच कमी वेगाने चाललेलं असतं. ‘आपण घरीच आहोत’ हे म्हणण्याआधी जरा तपासावं लागतं.

खरे जुळे

खऱ्या जुळ्या भावांवर हे गणित लावून बघू. स्कॉट केली आणि मार्क केली, दोघेही अमेरिकन अंतराळवीर. स्कॉट २०१५-१६ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर सलग ३४० दिवस राहिला. मार्क पृथ्वीवर होता. ३४० दिवस म्हणजे सुमारे २.९४ कोटी सेकंद. समजा आपल्याला एवढंच सांगितलं, की वेगामुळे स्कॉटचं घड्याळ ०.००९६ सेकंदाने मागे पडलं. वेग किती?

इथे सूत्र जसंच्या तसं वापरलं तर ०.९९९९९… अशा संख्येचा वर्ग करत बसावं लागेल. अशा वेळी एक जवळची वाट आहे : मागे पडलेल्या भागाची दुप्पट करा आणि वर्गमूळ काढा. ०.००९६ भागिले २.९४ कोटी, म्हणजे साधारण ३०६ कोटींत एक. दुप्पट केली की १५३ कोटींत एक. वर्गमूळ, सुमारे ३९ हजारांत एक. प्रकाशवेगाला ३९ हजारांनी भागा. उत्तर येतं सेकंदाला साधारण ७.७ किलोमीटर. स्थानकाचा वेग खरोखरच तेवढा आहे.

टाळ्या वाजवू नका. इथे आम्ही तुम्हाला थोडं फसवलं आहे. ०.००९६ हा आकडा कुणी स्कॉटच्या मनगटावर मोजलेला नाही. तो आम्ही स्थानकाच्या वेगावरूनच काढला, आणि मग त्यातून वेग परत काढला. डबीत ठेवलेला रुपया डबीतून काढून दाखवला, एवढंच. शिवाय खरं घड्याळ तिथे ठेवलं असतं तर उंचावरच्या कमी गुरुत्वाकर्षणामुळे ते सुमारे ०.००१२ सेकंदाने पुढेही गेलं असतं. एकूण मागे पडणं ०.००८४ भरलं असतं. ते तसंच सूत्रात घातलं तर वेग ७.२ च्या खाली येतो. सूत्र बरोबर, गुणाकार बरोबर, उत्तर चूक.

आता मूळ मुद्द्याला येऊ. गुणोत्तरावरून वेग काढणं सोपं आहे. पण तो आकडा ज्ञान कधी ठरतो? जेव्हा दुसऱ्या, स्वतंत्र वाटेने वेग काढला आणि दोन्ही उत्तरं एका ठिकाणी भेटली तेव्हा. एकाच वाटेने पुन्हा पुन्हा चालणं म्हणजे पुरावा नव्हे.

आमची चूक

बोलोन्याच्या त्याच परिषदेत बर्गसाँही होते. लांजव्हँ यांच्या त्या भाषणानेच आपलं लक्ष आइन्स्टाइनच्या विचारांकडे वळलं, असं त्यांनी पुढे लिहिलं आहे. ६ एप्रिल १९२२ रोजी पॅरिसमध्ये फ्रेंच तत्त्वज्ञान परिषदेच्या बैठकीत आइन्स्टाइन आणि बर्गसाँ समोरासमोर आले. त्याच वर्षी बर्गसाँ यांचं सापेक्षतेवरचं पुस्तक निघालं. त्यांचं म्हणणं असं : जगलेला, अनुभवलेला काळ हाच खरा काळ, आणि तो सगळ्यांचा एकच आहे. गोळ्यातल्या प्रवाशाची ती दोन वर्षं म्हणजे पृथ्वीवरच्या माणसाने त्याच्याविषयी केलेली कल्पना. हाडामांसाचा प्रवासी परत आला की तोही दोनशे वर्षं जगून आलेला असेल. पुस्तकाच्या १९२३ च्या आवृत्तीत त्यांनी या तोफगोळ्याच्या प्रवासावर एक स्वतंत्र परिशिष्टच जोडलं.

आम्ही एका महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवत होतो तेव्हा बर्गसाँचं हे मत आम्हाला फार पटलेलं होतं. घड्याळ वेगळं आणि काळ वेगळा, हे वाक्य वर्गात म्हणायलाही बरं वाटायचं. एका वर्षी भौतिकशास्त्राची एक विद्यार्थिनी आमचा पेपर द्यायला होती. तिने उत्तरात लिहिलं, की बर्गसाँ यांचा हा दावा प्रयोगाने खोटा ठरला आहे, प्रवासी खरोखर कमी वयाचा असतो. आम्ही तिचे गुण कापले. शेरा मारला : ‘प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे, घड्याळाचा नाही.’ ती भेटायला आली. तिने शांतपणे विचारलं, ‘सर, म्यूऑनला कल्पना असते का?’ आम्ही हसून वेळ मारून नेली, कारण म्यूऑन म्हणजे काय हेच आम्हाला धड ठाऊक नव्हतं. जो प्रयोग तिच्या डोक्यात होता तो तेव्हाच होऊन दहा वर्षं उलटली होती. आम्ही तो वाचला त्यानंतर आणखी बऱ्याच वर्षांनी.

म्यूऑन हा इलेक्ट्रॉनसारखाच, पण त्याच्यापेक्षा सुमारे २०७ पट जड कण. तो टिकत नाही. कुठला म्यूऑन कधी विघटन पावेल ते सांगता येत नाही, पण मोठा घोळका घेतला तर सरासरी आयुष्य ठरलेलं : स्थिर म्यूऑनचं सुमारे २.२ मायक्रोसेकंद. म्हणजे म्यूऑनांचा घोळका हेच एक घड्याळ.

जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत १४ मीटर व्यासाच्या एका वर्तुळाकार कड्यात म्यूऑन गोल गोल फिरवले गेले. १९७७ मध्ये त्यांच्या आयुष्याची मापं प्रसिद्ध झाली. फिरणाऱ्या म्यूऑनांचं सरासरी आयुष्य भरलं सुमारे ६४.४ मायक्रोसेकंद. आता आपली कृती करा. २.१९७ भागिले ६४.४, म्हणजे ०.०३४१. वर्ग ०.००११६. वजा करून ०.९९८८४. वर्गमूळ ०.९९९४. घड्याळाच्या वाटेने वेग निघाला : प्रकाशवेगाच्या ९९.९४ टक्के.

आणि इथे दुसरी वाट आहे. कड्याचा घेर सुमारे ४४ मीटर. एका फेरीला सुमारे १४७ नॅनोसेकंद. अंतर भागिले वेळ, शाळेतला साधा वेग, आणि दोन्ही मापं एकाच घरची. ४४ मीटरला १४७ नॅनोसेकंदांनी भागलं की सेकंदाला जवळपास ३ लाख किलोमीटर येतात. आपले आकडे ढोबळ आहेत. त्यांची मापं कितीतरी बारीक होती, आणि दोन वाटांची उत्तरं हजारात एक-दोन भागांच्या आत जुळली.

शिवाय हे म्यूऑन फेरी मारून पुन्हा पुन्हा त्याच जागी येत होते. म्हणजे हे लांजव्हँ यांचे परत आलेले प्रवासीच. स्थिर म्यूऑनांचा घोळका संपून जाईल तेवढ्या वेळात यांच्यातले बहुतेक जिवंत होते. त्यांच्याविषयी पृथ्वीवरचा माणूस काय कल्पना करतो, याच्याशी त्यांच्या टिकण्याचा संबंध नव्हता. त्या मुलीचा प्रश्न हाच होता.

बर्गसाँ सगळ्याच बाबतींत चुकले असं आम्ही म्हणत नाही. वाट पाहण्याचा एक तास आणि गप्पांचा एक तास सारखा का वाटत नाही, हा प्रश्न खरा आहे आणि म्यूऑन त्याचं उत्तर देत नाही. पण ‘परत आलेला प्रवासी किती वर्षांचा असेल’ हा प्रश्न वेगळा. तो मोजून सुटतो. तत्त्वज्ञान जिथे मोजता येणाऱ्या गोष्टीवर निकाल देतं, तिथे त्याने मोजमापाचं ऐकलं पाहिजे. त्या विद्यार्थिनीचा पत्ता आमच्याकडे नाही. तिचे गुण मात्र आमच्याकडे थकलेले आहेत, म्हणून जाहीरपणे सांगितलं.

आणखी एक लाज वाटण्यासारखी गोष्ट. वेगवान कणाचं विघटन हे मागे पडणाऱ्या घड्याळाचं काम करील, ही सूचना छापून आली होती १९३८ मध्ये, ‘नेचर’ या नियतकालिकात. लिहिणारे होते होमी भाभा, मुंबईचे. वातावरणात उंचावर तयार झालेले म्यूऑन आत्ता या क्षणीही या सभागृहाच्या छतातून खाली येत आहेत. तळहात पसरून धरलात तर दर सेकंदाला एखादा त्यातून जातो. घड्याळ मागे पडलं नसतं तर सरासरी म्यूऑनला ६६० मीटरच जाता आलं असतं. ते दहा-पंधरा किलोमीटर उंचीवरून खाली पोचतात. पुरावा आमच्या तळहातातून जात होता आणि आम्ही पॅरिसमधल्या वादात गुंतलो होतो.

रेवतीच्या वडिलांचं काय?

समोरून चिठ्ठी आलीच आहे. अपेक्षितच होती. ‘भागवतात राजा ककुद्मी आपली मुलगी रेवती हिला घेऊन ब्रह्मलोकात जातो, परत येईपर्यंत पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगं उलटलेली असतात. हाच कालविस्तार नव्हे का? त्याचा वेग काढता येईल का?’

काढून बघू, गणित कुणाला नाही म्हणत नाही. एक चतुर्युग ४३,२०,००० वर्षांचं. सत्तावीस म्हणजे ११,६६,४०,००० वर्षं. ब्रह्मदेवाकडे गाणं चाललं होतं, ते संपेपर्यंत राजा थांबला. ती बैठक एक तासाची धरू. सूत्रात घातलं तर दशांशचिन्हापुढे चोवीस वेळा ९ येतात, इतका वेग प्रकाशाच्या जवळ.

पण या आकड्याचा अर्थ काय? एक, गोष्टीत तो काळ प्रवासात गेलेला नाही, बसून गाणं ऐकण्यात गेला आहे. तिथे वेगाचा संबंधच सांगितलेला नाही. ब्रह्मदेवाचा काळच निराळा, एवढंच सांगितलं आहे. दोन, पडताळायला दुसरी वाट नाही. किती अंतर, कुठल्या घड्याळाने, काहीच नाही. गुणोत्तर आहे म्हणून वेग आहे असं होत नाही.

याने गोष्ट लहान होत नाही. मुलीसाठी मनात योजलेली सगळी स्थळं, त्यांची मुलं, नातवंडं, त्यांची नावंसुद्धा उरली नाहीत, हे ऐकताना त्या बापाला काय वाटलं असेल, हे सांगण्याचं तिचं काम आहे आणि ते ती करते. तिच्याकडून भौतिकशास्त्राची हमाली कशाला करून घ्यायची?

शेवटी चिठ्ठीवाल्या मित्राला एवढं सांगू, की परत आलेल्या प्रवाशाकडे एकच घड्याळ असतं. वेग काढायला दोन लागतात. दुसरं घरी कुणीतरी सांभाळलेलं असावं लागतं, आणि त्या कुणीतरीने जागा सोडलेली नसावी लागते. लांजव्हँ यांच्या प्रवाशाला पृथ्वीवर दोनशे वर्षं ते सांभाळणारी माणसं लागली असती, पिढ्यान्‌पिढ्या.

घरचा अभ्यास देतो. प्रवासी १२ वर्षांनी मोठा होऊन परत आला, घरची १३ वर्षं गेली. वेग काढा. भागाकाराला घाबरू नका, हाही शाळेतलाच त्रिकोण आहे. आणि उत्तर काढलंत की स्वतःला विचारा, हे पडताळायला दुसरी वाट कोणती? उत्तरं चिठ्ठीवर लिहून पुढच्या वेळी आणा. या वेळी खाली नाव लिहा, म्हणजे गुण थकणार नाहीत.